थायरॉईडची ८ मिमीची कॅन्सरची गाठ काढली, आता दर ३ महिन्यांनी गळ्याची सोनोग्राफी करायची का?

नाही हो, गाठ १ सेंमीच्या आतली होती आणि कुठं पसरली नव्हती तर पहिली सोनोग्राफी ऑपरेशननंतर ६ ते १२ महिन्यांनी, ती क्लिअर आली की अंतर वाढवत नेतात. मी सांगलीत सोनोग्राफीच करतो, अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या गाईडलाईनमध्येही हेच आहे. सारखी सारखी केली की कुठंतरी ५ मिमीची साधी गाठ दिसते, मग सुई टोचा, रिपोर्टची वाट बघा, घरात कुणाला झोप नाही, आणि बहुतेकदा निघत काहीच नाही. फक्त अर्धीच थायरॉईड काढली असेल तर थायरोग्लोब्युलिनच्या (थायरॉईडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाच्या) रक्ततपासणीवर फार विसंबता येत नाही, तिथं ठरलेली सोनोग्राफी चुकवू नका, आणि जाताना जुना रिपोर्ट न्या, मापं ताडून बघायला लागतात.