नायजेरियाच्या लीगमध्ये घरच्या मैदानावर जवळपास सगळेच जिंकतात, मग विजेता ठरतो कसा? सामने आधीच ठरलेले असतात का?

घरच्या मैदानावरचे विजय थोडा वेळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक संघाने बाहेर जाऊन काय आणलं तेवढंच बघा. नायजेरिया प्रीमियर फुटबॉल लीगचा विजेता तिथेच ठरतो. नेहमीचा गुणतक्ता ही गोष्ट झाकून ठेवतो, म्हणून मी स्वतःचा वेगळा हिशेब मांडतो. वहीत किंवा एक्सेलमध्ये तो पाच मिनिटांत होतो.

पूर्ण हंगामात २० संघ असतात आणि प्रत्येकाचे ३८ सामने होतात, १९ घरी आणि १९ बाहेर. घरचे सगळे सामने जिंकले आणि बाहेरचे सगळे हरले, तर ५७ गुण होतात. हाच पाया धरायचा. घरी जिंकलं तर शून्य, बाहेर हरलं तरी शून्य. बाहेर बरोबरी झाली तर अधिक १, बाहेर विजय मिळाला तर अधिक ३. घरी बरोबरी झाली तर उणे २, घरी हरलं तर उणे ३. खेळून झालेल्या घरच्या सामन्यांना तीनने गुणून त्यात हा आकडा मिळवला की संघाचे खरे गुण मिळतात. मिळाले नाहीत तर बेरीज चुकली आहे किंवा शिस्तपालन समितीने गुण कापले आहेत.

एक कल्पित उदाहरण घ्या. दहा फेऱ्यांनंतर 'अ' संघाचे १८ गुण आणि 'ब'चे १६. तक्त्यात 'अ' वर दिसतो. पण 'अ'चे सहा सामने घरी झाले आणि चार बाहेर, 'ब'चे चार घरी आणि सहा बाहेर. 'अ'चा हिशेब १८ वजा १८, म्हणजे शून्य. 'ब'चा १६ वजा १२, म्हणजे अधिक ४. खरा पुढे 'ब' आहे, आणि त्याचे घरचे सामने अजून जास्त शिल्लक आहेत.

आता खरा आकडा. २०२३-२४ मध्ये एनुगूचा रेंजर्स ७० गुणांनी विजेता झाला आणि रेमो स्टार्स ६५ वर राहिला. आपल्या हिशेबात रेंजर्स अधिक १३ आणि रेमो अधिक ८. ३८ सामन्यांच्या हंगामातली सगळी झुंज एवढ्याशा आकड्यात मावते. १३ हा आकडा कसा जमू शकतो तेही बघा: बाहेर दोन विजय (६), नऊ बरोबऱ्या (९) आणि घरी फक्त एक बरोबरी (उणे २). याचा अर्थ विजेता होण्यासाठी बाहेर धडाधड जिंकावं लागत नाही. बाहेर जमेल तितक्या बरोबऱ्या राखायच्या आणि घरी गुण सांडायचे नाहीत, एवढं जमलं तरी बाजी मारता येते. घरची एक बरोबरी बाहेरच्या दोन बरोबऱ्यांची कमाई खाऊन टाकते. म्हणूनच घरी ८०व्या मिनिटाला ०-० असेल तेव्हा तिथल्या स्टेडियममध्ये जो तणाव असतो, तो गुणतक्त्यावरून समजत नाही.

घरच्या मैदानाचं एवढं वजन का? पहिलं कारण प्रवास. ओगुन राज्यातलं इकेने हे रेमो स्टार्सचं गाव नैर्ऋत्येला, तर एल-कानेमी वॉरियर्सचं मैदुगुरी पार ईशान्येच्या टोकाला. रस्त्याने हे अंतर हजार किलोमीटरपेक्षा बरंच जास्त आहे, आणि संघ बहुतेक वेळा बसनेच जातात. रस्ते खराब, त्यात भीती वेगळीच. मार्च २०१५ मध्ये हार्टलँडविरुद्ध खेळायला ओवेरीला निघालेल्या कानो पिलर्सच्या बसवर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला आणि पाच खेळाडूंना गोळ्या लागल्या. सगळे वाचले. पण असा प्रवास करून उतरलेल्या संघाने ९० मिनिटं दाबून खेळावं ही अपेक्षा चुकीची आहे.

दुसरं कारण मैदान आणि हवा. पावसाळ्यात दक्षिणेत चिखल असतो, तर डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत हरमॅटनचा कोरडा, धुळकट वारा. तिसरं, प्रेक्षकांचं रेफरीवर येणारं दडपण. याबाबत तुमची शंका अगदीच निराधार नाही. प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे दंड, गुणकपात, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा हे तिथे होतं. पण घरच्या संघाचा विजय म्हणजे ठरवलेला सामना, असं समजू नका. ठरवलेला सामना बहुधा गोलफरकाच्या गरजेतून उघडा पडतो. जुलै २०१३ मध्ये खालच्या श्रेणीत बढतीसाठी दोन संघांना गोलफरक हवा होता. प्लॅटू युनायटेड फीडर्सने ७९-० आणि पोलीस मशीनने ६७-० असे 'विजय' मिळवले. चौकशी झाली आणि जिंकलेल्या-हरलेल्या चारही क्लबांवर बंदी आली. संशय घ्यायचा तर शेवटच्या फेरीतल्या अशा निकालांवर घ्या, रविवारच्या १-० वर नको.

हा हिशेब कुठे फसतो तेही माहीत हवं. स्टेडियम दुरुस्तीला गेलं किंवा प्रेक्षकांमुळे शिक्षा झाली की क्लब 'घरचा' सामना दुसऱ्याच शहरात खेळतो. बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या हिंसाचाराच्या काळात एल-कानेमीला मैदुगुरी सोडून खेळावं लागलं होतं. असे सामने तक्त्यात 'घरचे' म्हणूनच दिसतात, पण त्या संघाकडून घरच्यासारखी अपेक्षा ठेवू नका. त्यांच्यापुढे खूण करून ठेवा. आफ्रिकन स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांचे सामने पुढे ढकलले जातात, म्हणून तुलना नेहमी झालेल्या सामन्यांवर करा, फेरीच्या आकड्यावर नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हंगामच अर्धवट राहणं. २०१८चा हंगाम २४ फेऱ्यांनंतर थांबला आणि आघाडीवरच्या लोबी स्टार्सला आफ्रिकन चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं. २०१९-२० कोविडमुळे थांबला. २०२२-२३ जानेवारीत सुरू झाला. आफ्रिकन फुटबॉल महासंघाला त्याच्या स्पर्धांसाठी क्लबांची नावं वेळेत कळवायची असल्यामुळे दहा-दहा संघांचे दोन गट केले आणि प्रत्येक गटातले पहिले तीन लागोसला 'सुपर सिक्स'मध्ये खेळले. तिथे एकच मैदान आणि पाच-पाच सामने, त्यामुळे घर-बाहेरचा प्रश्नच नाही. एन्यिम्बा आणि रेमो स्टार्स दोघांचे ९ गुण झाले आणि गोलफरकावर एन्यिम्बाने नववं विजेतेपद घेतलं. अशा हंगामाची तुलना ३८ सामन्यांच्या हंगामाशी करणं मला पटत नाही. गटातला संथ पण चिवट संघ पाच सामन्यांच्या धावपळीत मागे पडतो.

म्हणूनच रेमो स्टार्सचं २०२४-२५ मला मोलाचं वाटतं. लागोपाठ दोन हंगाम उपविजेता राहिलेला हा खाजगी क्लब, प्रशिक्षक डॅनियल ओगुनमोडेडे. २० एप्रिल २०२५ रोजी इकेनेला नायजर टॉर्नेडोजला १-० हरवून त्यांनी तीन फेऱ्या शिल्लक असतानाच पहिलं विजेतेपद नक्की केलं. बक्षीस २० कोटी नायरा (नायजेरियाचं चलन). बहुतेक क्लब राज्य सरकारांचे आहेत, नावांतच ते दिसतं: अक्वा, रिव्हर्स, प्लॅटू, क्वारा. तिथे सरकारी पैसा अडकला की पगार अडकतात, आणि त्याचा पहिला फटका बाहेरच्या सामन्यांना बसतो. २०२१चा विजेता अक्वा युनायटेड २०२५ मध्ये खालच्या श्रेणीत गेला. त्याच्याबरोबर लोबी स्टार्स, सनशाइन स्टार्स आणि हार्टलँडही गेले. दर हंगामात चार संघ उतरतात, म्हणून तळाच्या सहा-सात संघांचा अधिक-उणे हिशेब विजेत्याइतक्याच लक्षाने ठेवा.

खेळाडू हंगामाच्या मध्यात परदेशी निघून जातात, हेही धरून चाला. डेंपोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली यांच्यामुळे नायजेरियन स्ट्रायकर काय चीज असते, हे गोव्याच्या प्रेक्षकांना सांगायची गरज नाही. जानेवारीत एखाद्या संघाचा गोल करणारा खेळाडू दिसेनासा झाला, तर तिथपर्यंतचे आकडे आणि पुढचे आकडे वेगळे ठेवा.

सामने पाहायचे असतील तर वेळ सोयीची आहे. तिथे बरेचसे सामने रविवारी दुपारी चारला सुरू होतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. साडेदहाला निकाल हाती येतात. आधी दहा सामन्यांतले बाहेरच्या संघांनी मिळवलेले गुण टिपा, मग घरच्या मैदानावर कोण अडखळलं ते.