बायबलमधली वचनं मोठ्याने म्हणूनही नकारात्मक विचार जात नाहीत. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी विजयी आहे, मी आशीर्वादित आहे’ असं म्हणता आणि दहा मिनिटांत तेच जुने विचार परत हजर होतात. मी कुचकामी आहे, लोक मला नुसतं सहन करतात, माझं काही भलं होणार नाही. वर आता एक नवी भर पडलीय, की वचन बोलूनही फरक पडत नाही म्हणजे विश्वासातच खोट असणार.

या शेवटच्या भीतीबद्दल आधी बोलते, कारण ती उराशी घेऊन मी स्वतः तीन-चार वर्षं काढली आहेत. नाही, यावरून तुमचा विश्वास कमी आहे असं काहीही सिद्ध होत नाही. मला एका प्रार्थनासभेत नेमकं उलटं ऐकवलं गेलं होतं. तोंडून नकारात्मक शब्द निघाला की सैतानाला दार उघडून दिल्यासारखं आहे, असं सांगणारे गृहस्थ मनाने वाईट नव्हते. पण ते ऐकून मी बोलणंच बंद केलं. कोणी विचारलं की ‘प्रभूच्या कृपेने मजेत’ म्हणायचं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं. विचार होते तिथेच राहिले, वर ते कोणाला सांगायचीही चोरी झाली.

पुढे कधीतरी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26वा अध्याय वाचताना अडखळले. गेथशेमाने बागेत येशू तीन शिष्यांना म्हणतो, “माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.” कितीदा ऐकलेलं वाक्य! त्या दिवशी मात्र एकदम लक्षात आलं, की आमच्या सभेच्या हिशोबाने हे चक्क नकारात्मक बोलणं आहे, आणि बोलणारा खुद्द प्रभू आहे. तो ते लपवत नाही. आधी मित्रांना सांगतो, माझ्याबरोबर जागे राहा म्हणतो (ते झोपी जातात, तो भाग वेगळा), आणि मग तेच दुःख पित्यापुढे नेतो. स्तोत्रसंहितेतही असंच आहे. 88वं स्तोत्र एकदा पूर्ण वाचून बघा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. ते लिहिणाऱ्याला कोणी कमी विश्वासाचा ठरवलं नाही, उलट ते पवित्र शास्त्रात ठेवलं.

तेव्हा आरशासमोर ‘मी विजयी’ म्हणण्याआधी जे आहे ते जसंच्या तसं देवाला सांगा, आणि निदान एका माणसाला सांगा. माझ्या बाबतीत ती आमच्या चर्चमधली एक वयस्कर बाई होती. तिने ऐकलं, उपदेश केला नाही, “उद्या पुन्हा ये” म्हणाली. अशी माणसं कमी असतात, पण असतात.

आता सकारात्मक बोलण्याकडे येते. मी ते सोडलेलं नाही. पद्धत बदलली आहे.

42वं स्तोत्र काढा. “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस? देवाची आशा धर.” हा माणूस स्वतःशीच बोलतोय, आणि स्वतःला ‘तू’ म्हणतोय. मनाला समोर बसवून चार गोष्टी सुनावणं मराठी कानाला काही नवं नाही, आपल्या संतांनी तेच केलं. गंमत म्हणजे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. ताणाच्या प्रसंगी स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव किंवा ‘तू’ वापरणाऱ्यांना तो प्रसंग जास्त चांगला हाताळता आला. करून बघा. ‘मी घाबरणार नाही’ म्हणताना घसा कोरडा पडतो. स्वतःचं नाव घेऊन ‘अगं, तू का एवढी घाबरलीस?’ असं विचारलं की भीतीपासून हातभर लांब उभं राहिल्यासारखं होतं.

पण या स्तोत्रातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. ‘हे माझ्या जिवा’ हे पालुपद पाचव्या ओवीत येतं, आणि लगेच सहाव्यात तो पुन्हा म्हणतो की माझा जीव खिन्न झाला आहे. म्हणजे पहिल्या खेपेला जमलंच नाही! मग अकराव्या ओवीत तेच पालुपद, आणि पुढच्या 43व्या स्तोत्राच्या शेवटी तिसऱ्यांदा तेच. स्तोत्रकर्त्याचेही विचार परत आले, तोही परत बोलला. तुमच्या ‘दहा मिनिटांत परत येतात’चं उत्तर एवढंच आहे. परत येऊ देत, परत बोला.

बोलायचं काय, हा खरा प्रश्न. इथे मी बरीच वर्षं चुकत होते. नीतिसूत्रांच्या 18व्या अध्यायात मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहे असं म्हटलंय. त्याचा अर्थ अनेक जण असा लावतात की बोलाल तसं घडेल. मला तो अर्थ पटत नाही. शब्दाने माणूस उभा राहतो किंवा कोसळतो, हे खरं. पण आपण बोललो म्हणून देव बांधला जातो, ही प्रार्थना झाली की मंत्रतंत्र? प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं की अमुक-अमुक गोष्टींचं मनन करा. त्या यादीत आदरणीय, न्याय्य, शुद्ध असं बरंच काही आहे. यादीतला पहिला शब्द मात्र ‘सत्य’ आहे. जे खरं नाही, किंवा जे मनाला खरं वाटत नाही, ते कितीही गोड असलं तरी टिकत नाही. जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांचा 2009 चा एक अभ्यास आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं पुन्हापुन्हा म्हणायला लावल्यावर आणखी वाईट वाटलं. मोठं वाक्य उच्चारलं की मन आतून ‘खोटं!’ म्हणून ओरडतं. तुमच्या आरशासमोर बहुधा हेच होतंय.

येशूला अरण्यात मोह पडला तेव्हा त्याने तीनदा उत्तर दिलं, तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून. तिन्ही उत्तरं वेगवेगळी आहेत, कारण तिन्ही हल्ले वेगळे होते. सैतान दगडांच्या भाकरी कर म्हणाल्यावर त्याने भाकरीबद्दलचंच वचन दिलं. त्याने सरसकट एकच घोषणा केली नाही. हाच धडा घेऊन चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने जवळजवळ पाचशे त्रासदायक विचार लिहून काढले आणि प्रत्येकासमोर त्याला उत्तर देणारं शास्त्रवचन मांडलं. सोळाशे वर्षांपूर्वी, एकांतात राहणाऱ्या माणसाला एवढे विचार छळत होते हे वाचून मला, खरं सांगते, बरं वाटलं.

मी हिशोबाचं काम करते, म्हणून माझी वही जमा-नावेची आहे. मधोमध रेघ. डावीकडे ‘नावे’: मनात आलेलं वाक्य, आलं त्याच शब्दांत. उजवीकडे ‘जमा’: त्याच वाक्याला उत्तर, त्यात एक घडलेली गोष्ट आणि एक वचन. घडलेली गोष्ट नसेल तर नुसतं वचन हवेत राहतं, असा माझा अनुभव.

एक पान दाखवते. एका संध्याकाळी साहेबांचा दोन शब्दांचा निरोप आला, ‘उद्या बोलू.’ त्या दिवशी मी एका तक्त्यात एक शून्य जास्त टाकलं होतं आणि ताळा जुळत नव्हता. रात्री तीनला जाग आली तेव्हा मनाने माझी नोकरी घालवली होती, घर विकलं होतं आणि मला नातेवाइकांच्या दारात उभं केलं होतं. उठून दिवा लावला. डावीकडे लिहिलं, ‘मी नेहमीच माती खाते. उद्या हाकलतील.’ उजवीकडे काय लिहावं सुचेना. ‘मी शेपूट नाही, मस्तक आहे’ हे वचन पाठ होतं, पण त्या घडीला ते लिहिताना हात चालेना. मग ‘नेहमीच’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि गेल्या वर्षभरातल्या चुका आठवून मोजल्या. तीन भरल्या. तिन्ही मीच शोधून मीच दुरुस्त केल्या होत्या. ते लिहिलं. खाली विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली ओळ लिहिली, की देवाची दया रोज सकाळी नवी होते. मग उजवी बाजू मोठ्याने वाचली. रात्री तीनला आपलाच आवाज फार विचित्र वाटतो. पण विचार डोक्यात एकाच वेळी दहा धावतात, आवाजात मात्र एका वेळी एकच वाक्य मावतं, आणि तेवढ्यानेच गर्दी कमी होते. झोप तासाभराने लागली. दुसऱ्या दिवशी साहेबांना भलत्याच कामाबद्दल बोलायचं होतं, शून्याचं मीच त्यांना सांगितलं.

हे मी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याकडून शिकले. ‘1 राजे’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात राजवाड्याचा कारभारी ओबद्या त्याला सांगतो की मी परमेश्वराच्या शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवलं. पुढच्याच अध्यायात एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आणि पुढे होरेब डोंगरावर म्हणतो, मीच एकटा उरलो आहे. शंभर माणसं जिवंत असल्याचं त्याने कानांनी ऐकलं होतं! निराशा अशी विसरायला लावते. देव त्याला ‘तू विजयी आहेस’ म्हणत नाही. आकडा सांगतो: इस्राएलात बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. आणि हा आकडा सांगण्याआधी, अगदी सुरुवातीला, देवदूत त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मधे झोपू देतो. खडसावणं नाही, उपदेशही नाही. उपाशी आणि जागरणाने शिणलेल्या माणसाशी तत्त्वज्ञान बोलू नये, हे देवालाही ठाऊक आहे. तुमची झोप कशी आहे, ते तुम्ही लिहिलं नाही.

एक फरक ओळखायला शिका, तो मला फार उपयोगी पडला. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो: काल अमक्याशी खोटं बोललीस, जा, माफी माग. त्यात पुढे जायची वाट असते. ‘तू आहेसच टाकाऊ’ या वाक्यात कुठलं कृत्य नाही, वाट नाही, नुसता निकाल आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही अशी आहे. असला मोघम निकाल आला की मी त्याला विचारते, कुठल्या गुन्ह्याबद्दल? बहुतेक वेळा त्याला सांगता येत नाही.

आणि हे सगळं करूनही दोन-दोन आठवडे मळभ हटत नसेल, भूक-झोप गेली असेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आठवड्यांची वाट पाहू नका, त्याच दिवशी कोणाला तरी जवळ बोलवा आणि डॉक्टर गाठा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चार्ल्स स्पर्जनइतका मोठा उपदेशक क्वचित झाला. 1856 मध्ये लंडनच्या एका सभागृहात तो बोलत असताना कोणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तो तेव्हा 22 वर्षांचा होता. नैराश्याने त्याला पुढे आयुष्यभर अधूनमधून गाठलं, आणि हे तो आपल्या विद्यार्थ्यांपासून लपवत नसे.

माझ्या वहीतल्या काही पानांवर डावी बाजू भरलेली आहे आणि उजवी अजून कोरी आहे. एक तर आईच्या आजारपणातलं पान आहे. तिथे खोटं काही लिहून ताळा जुळवावा असं मला कधी वाटलं नाही. ते पान निघालं की मी डावी बाजूच मोठ्याने वाचते, देवाला उद्देशून, आणि वही मिटते.