"घरचंच तर काम आहे, पैसे काय मागायचे?"

यावेळी चित्रकारांची पत्रं भरपूर आली आणि निम्म्याच्यावर पैशाबद्दलच आहेत, रंग कसा लावायचा हे हल्ली कोणी विचारतच नाही, ते सगळे यूट्यूबवर शिकून येतात वाटतं. चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरला असते, पोर्ट्रेट करते. चुलत दिरांना नव्या बंगल्यात लावायला त्यांच्या वडिलांचं ३ बाय ४ फुटी ऑइल पेंटिंग हवंय. पैशाचा विषय काढला की "अगं घरचंच तर काम आहे" म्हणतात. फोटो व्हॉट्सअॅपवर आलाय, तोही अंधुक. काय करू?

उत्तर: अगं, तुझ्याच गावात आबालाल रहिमान शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते, त्यांना राजाश्रय होता, आपल्याला चुलत दीर आहेत. तेव्हा हिशोब आपणच करायचा. बरेचजण स्क्वेअर इंचावर रेट लावतात, १५ रुपये धरले तर तुझ्या कॅनव्हासचे १७२८ इंच म्हणजे २५,९२० होतात, ऐकायला बरं वाटतं, पण त्याच रेटने ५ बाय ७ इंची चित्राचे ५२५ होतात, त्यात फ्रेमसुद्धा निघत नाही. आणि पोर्ट्रेटमधे वेळ खातो तो चेहरा, मग कॅनव्हास केवढाही असो. म्हणून मी दिवसावर जाते. समजा १२ दिवस, दिवसाचे १५००, झाले १८ हजार, वर सामान, फ्रेम वेगळी. सूट द्यायचीच असेल तर दे, मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त बिलावर आधी पूर्ण किंमत लिही आणि खाली "घरचे म्हणून सूट" अशी वेगळी ओळ टाक. नाहीतर कमी केलेला आकडाच तुझा रेट म्हणून सगळ्या भावकीत फिरतो आणि मग पुढची दहा वर्षं तोच. निम्मा अॅडव्हान्स आल्याशिवाय कॅनव्हास ताणायचा नाही.

फोटोचं म्हणशील तर घरातले जुने अल्बम मागव, दोन-तीन वेगवेगळे फोटो जवळ ठेव, आणि रंगाला हात लावायच्या आधी चारकोलचं स्केच दाखवून सगळ्यांकडून ओके घे. सगळ्यांकडून म्हणजे आत्यांकडूनही. माझं एक काम फ्रेम होऊन भिंतीवर चढल्यावर आत्या आल्या आणि म्हणाल्या दादाच्या मिशा अशा नव्हत्याच, झालं, उतरवा परत, आणि ते दोन दिवस कोणी दिले नाहीत मला.

प्रश्न: एका दिवाळी अंकासाठी मुखपृष्ठ काढून दिलं, तीन हजार मिळाले. आता तेच चित्र त्यांच्या कॅलेंडरवर आलंय, विचारलं नाही, नावही नाही. हक्क चित्रकाराचाच असतो ना?

उत्तर: सगळ्यांना असंच वाटतं, मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारणपणे काढणारा मालक हे खरं, पण १७ व्या कलमात एक मेख आहे, कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. म्हणून आधी जुने मेसेज शोधा, "फक्त मुखपृष्ठासाठी" असं कुठे लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. चित्र आधीच काढलेलं होतं आणि त्यांनी ते नुसतं छापायला घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, मग कॅलेंडरसाठी विचारायला हवं होतं. नावाचं मात्र, मालकी कोणाचीही असो, चित्र माझं आहे हे सांगायचा हक्क ५७ व्या कलमाने तुमच्याकडेच राहतो, तेवढं पत्र आजच टाका. पुढच्या वेळी कामाआधी एक ओळ पाठवा, "एका अंकाच्या मुखपृष्ठापुरतं, इतर वापराचे वेगळे पैसे", आणि समोरून "ओके" येईपर्यंत थांबा. सही पण अगदी कोपऱ्यात नको, क्रॉपमधे पहिली तीच जाते, साडीच्या काठाजवळ, दगडाच्या कडेला, चित्राच्या आत घ्या.

प्रश्न: चिपळूणला राहतो, जलरंगात काम करतो. जुलैत कागदाचा अख्खा गठ्ठा खराब झाला, रंग लावला की टिपकागदासारखा शोषतो, मधेमधे पांढरट ठिपके. कागद महागाचा होता हो!

उत्तर: वाईट वाटलं, १०० टक्के कॉटनचा ३०० जीएसएमचा जाड कागद आता काय भावाने मिळतो माहितीये. कागदाला सायझिंग (एक प्रकारची खळ) असतं, बऱ्याच चांगल्या कागदांना जिलेटिनचं, त्याच्यामुळे रंग वर थांबतो. दमट हवेत बुरशी तेच खाते आणि जिथे खाल्लं तिथे रंग खड्ड्यात गेल्यासारखा बसतो. तो गठ्ठा आता वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराला, उपयोगाचा नाही, पेन्सिल, पेस्टल, सरावाला वापरा, टाकू नका. कोकणात मे महिन्यात वर्षाचा कागद भरायचाच नाही, दोन महिन्यांपुरता घ्या. भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, लोखंडी कपाटात मधल्या फळीवर, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि निळ्या पुड्या असतील तर त्या गुलाबी झाल्या की तापवून परत ठेवा. पॅलेट ओलं बंद केलं की रंगातल्या डिंकावरही बुरशी येते, ते उघडंच वाळू द्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंतीची ओल थेट लागत नाही. आणि पावसाळ्यात वॉश वाळत नाही म्हणून ड्रायर घेऊन बसण्यापेक्षा ढगांची, धुक्याची, ओल्या कागदावर ओला रंग सोडायची कामं तेव्हाच करून घ्या, उन्हाळ्यात तुम्हाला एवढा वेळ कागद देणार नाही.

प्रश्न: नोकरी करून चित्र काढते, पण संध्याकाळी मूडच लागत नाही.

उत्तर: माझाही लागत नाही. मी कागद आदल्या रात्रीच टेपने बोर्डावर लावून, रेखांकन करून ठेवते आणि सकाळी चहा व्हायच्या आत आकाशाचा पहिला वॉश मारते, मग तो वाळेपर्यंत डबा. ऑफिसात दिवसभर ते अर्धवट आकाश डोक्यात टोचत राहतं आणि संध्याकाळी आपोआप बसते. महिनाभर करून बघ आणि कळव.