लंकेतून परत आलेल्या माणसाला बोलतं कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की सासरे शांतिसेनेत, म्हणजे १९८७ मध्ये भारताने शांतता राखायला पाठवलेल्या फौजेत, श्रीलंकेला होते, घरात त्यावर अवाक्षर काढत नाहीत, गावातही त्यांना कुणी विचारत नाही, तर त्यांना बोलतं कसं करायचं. माझे वडील, अण्णा, हेही तिथं होते, मराठ्यांच्या पलटणीत हवालदार, म्हणून लिहितेय. माझं पहिलं उत्तर हेच की बोलतं करायला जाऊच नका.

आमचं सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, घरटी एक माणूस फौजेत. ६५ काय, ७१ काय, शाळकरी पोरालाही पाठ. पण लंका कुणाला कळलीच नाही. पत्रावर पत्ता ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, त्यावरून माणूस काश्मीरात आहे का जाफन्यात हे कसं कळणार? ऑक्टोबर ८७ मध्ये ऑपरेशन पवन, म्हणजे तमिळ वाघांविरुद्धची (एलटीटीई) लढाई, सुरू झालं आणि गल्लीत तारवाला दिसला की बाया दारं लावून घ्यायला लागल्या, आपल्या दारात थांबायला नको म्हणून. मी सात वर्षांची होते, मला ती बंद दारं चांगली आठवतात.

अण्णा परत आले ते हातपाय शाबूत, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी विषय संपला. फक्त पाइपलाइनसाठी खणून बुजवलेल्या ताज्या मातीवरून आम्हा पोरांना जाऊ द्यायचे नाहीत. आणि तालुक्याला जायची सरळ एसटी सोडून लांबच्या रस्त्याने गाडी बदलून जायला लागले, पाऊण तासाच्या वाटेला दोन तास. आई भांडायची, भाऊबंद हसायचे, हे उत्तर द्यायचे नाहीत.

आमचे थोरले चुलते, आप्पा, ७१ चे. दर २६ जानेवारीला शाळेच्या मैदानात माजी सैनिकांना शाल-नारळ, आप्पा पुढं खुर्चीवर आणि अण्णा मागं गर्दीत उभे, कारण यादीत नावच नाही. एकदा आईने जेवताना विषय काढला तर आप्पा म्हणाले, "तो शांतता ठिवायला गेलता, लढायला नव्हं." अण्णा भरल्या ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर गेले. मला तेव्हा बोलता आलं नाही, आता बोलते. ३२ महिन्यांत सुमारे १,२०० जवान गेले तिथं. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर ८७ ला पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, ते लढाईतच मिळतं ना? मार्च ९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तर राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. आणि श्रीलंकेने २००८ मध्ये कोलंबोजवळ या जवानांचं स्मारक केलं, आपल्या दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला २०१९ उजाडलं.

त्याच वर्षी मी अण्णांना दिल्लीला नेलं. गोल गोल ग्रॅनाइटच्या भिंती, एकेका दगडावर एकेक नाव. दीड तास शोधत होते. मग एका नावावर अंगठा दाबून उभे राहिले, रजिस्टरवर अंगठा उठवतात तसा, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मी काही विचारलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये रात्री आपणहून म्हणाले, त्याची ट्रंक मी बांधली होती. सुरुंगाच्या स्फोटात गेला तो, पलटणीतला, आपल्याच तालुक्यातला. ट्रंकेतल्या वस्तूंची यादी करायची, सही करायची, मग ती घरी जाते. कागदात गुंडाळलेली साबणाची अर्धी वडीसुद्धा यादीत लिहिली म्हणाले, आणि एक न टाकलेलं अंतर्देशीय. त्याचं घर सरळ एसटीच्या रस्त्यावर, अगदी स्टँडला लागून. त्याची बायको दारात बसलेली दिसेल म्हणून तीस वर्षं हा माणूस दोन गाड्या बदलत होता.

तेव्हा सासऱ्यांना प्रश्न विचारू नका, कुठंतरी घेऊन जा. त्यांच्या पलटणीतला कुणी जिवंत असेल तर त्याच्याकडे न्या आणि तुम्ही उठून बाहेर बसा.

हो, एक राहिलंच. तिथल्या साध्या तमिळ लोकांनीही फार सोसलं, आपल्या फौजेवरही गंभीर आरोप झाले, सासरे त्या आठवणीनेही गप्प असू शकतात, तेव्हा शौर्यकथा ऐकायच्या तयारीने बसू नका. आणि झोप नसेल, दारू वाढली असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, त्यात लाज कसली.

आप्पा आता नाहीत. ग्रामपंचायतीत चार चकरा मारून मी अण्णांचं नाव २६ जानेवारीच्या यादीत घालून घेतलं. क्लार्कने पुढे 'शांतिसेना' एवढंच लिहिलं होतं. तिथंच उभी राहून मी ते खोडायला लावलं आणि 'ऑपरेशन पवन, १९८७' असं लिहून घेतलं.