८ मिमी, सुपर ८ की १६ मिमी? जुन्या घरगुती फिल्मचं रीळ कसं ओळखायचं

प्रश्न असा आहे : चोरबाजारातून जुनी रिळं घेतली, सगळ्या डब्यांवर ‘८ एमएम’ लिहिलंय. पण एक रीळ ८ मिमीच्या प्रोजेक्टरच्या दांडीवर सैल बसतं आणि दुसऱ्यातली फिल्म दुप्पट रुंद आहे. कोणती फिल्म आहे हे कसं ओळखायचं?

डब्यावरचं लिखाण आणि रिळाचा आकार, दोन्हींवर विसंबू नका. डबे बदलतात, रिळं बदलतात, दुकानदार हाताला येईल त्या रिळावर फिल्म गुंडाळून ठेवतो. खात्रीची साक्ष फक्त फिल्मच देते. त्यासाठी तिची रुंदी आणि भोकांची जागा पाहायची.

मिलिमीटरची पट्टी, भिंग आणि पांढरा उजेड एवढं पुरतं. मोबाइलवर कोरी पांढरी प्रतिमा लावली तरी चालतं. फिल्म कडांनी धरा आणि मीटर-दीड मीटरपेक्षा जास्त उलगडू नका. सुरुवातीचा कोरा तुकडा, म्हणजे लीडर, नंतर जोडलेला असतो. तो सोडून चित्रं सुरू होतात तिथे पाहा.

त्याआधी एक खबरदारी. फिल्म लहानशा धातूच्या स्पूलवर, घट्ट झाकणाच्या डबीत असेल आणि पहिल्या वेढ्यातच ती अपारदर्शक, फिकट रंगाची दिसली, तर ती कदाचित धुतलेलीच नाही. आणखी उलगडू नका, आतलं चित्रण उजेडाने जाईल.

आता रुंदी. १६ मिमी फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली. तिच्यात दर फ्रेमला एक भोक असतं आणि १० सेंमी लांबीत साधारण १३ भोकं मोजता येतात. दोन्ही कडांना भोकं असतील तर ती मूक फिल्म. एकाच कडेला असतील तर दुसऱ्या कडेवर ध्वनिपट्टा आहे का ते बघा : उजेडात दिसणारी वेडीवाकडी किंवा आडव्या रेषांची अरुंद पट्टी म्हणजे ऑप्टिकल ध्वनी, तपकिरी मॅट पट्टी म्हणजे मॅग्नेटिक. एका कडेला भोकं असूनही आवाज नसलेल्या फिल्म असतात, त्यामुळे भोकांवरून आवाज गृहीत धरू नका.

तुमच्या रुंद फिल्मवर भोकं अपेक्षेपेक्षा दाट, १० सेंमीत २६ च्या आसपास असतील, तर ती १६ मिमी नाही. ती न चिरलेली डबल ८ आहे. साधी ८ मिमी कोडॅकने १९३२ मध्ये आणली तेव्हा युक्ती अशी होती : १६ मिमी रुंदीची, दुप्पट भोकं पाडलेली २५ फूट फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा चालवायची, एकदा एका अर्ध्यावर, मग स्पूल उलटवून दुसऱ्या अर्ध्यावर. प्रयोगशाळा ती धुऊन मधोमध चिरे आणि दोन तुकडे जोडून ५० फुटांचं रीळ देई. चिरायची राहिलेली फिल्म उजेडात धरली की शेजारी-शेजारी चित्रांच्या दोन रांगा दिसतात, त्यातली एक उलटी. ती स्वतः चिरू नका. त्याची खास यंत्रं असतात, आणि स्कॅनिंग तर न चिरताही करता येतं.

८ मिमी रुंदीच्या फिल्ममध्येच खरा घोळ होतो, कारण साधी ८ आणि सुपर ८ दोन्ही तेवढ्याच रुंद आहेत. भिंगाखाली भोक आणि चित्र यांचं नातं पाहा. साध्या ८ मध्ये भोक मोठं, सुमारे १.८ × १.३ मिमी, आणि ते दोन चित्रांमधल्या रेषेवर येतं. १९६५ च्या सुपर ८ मध्ये भोक लहान, सुमारे १.१ × ०.९ मिमी, आणि ते चित्राच्या उंचीच्या मध्याशी येतं. भोक लहान झाल्यामुळे वाचलेली जागा चित्राला मिळाली, म्हणून सुपर ८ चं चित्र साध्या ८ पेक्षा जवळजवळ दीडपट मोठं असतं. मोजायचंच असेल तर १ फुटात साध्या ८ ची ८० भोकं येतात, सुपर ८ ची ७२.

तुमचं सैल बसणारं रीळ बहुधा सुपर ८ चं आहे. त्याचं मधलं भोक सुमारे १२.७ मिमीचं, साध्या ८ च्या रिळाचं सुमारे ८ मिमीचं. पण रिकाम्या सुपर ८ रिळावर साधी ८ गुंडाळून ठेवायला काहीच अडचण नसते, म्हणून रिळाचं भोक हा फक्त इशारा समजा. सुपर ८ फिल्म साध्या ८ च्या प्रोजेक्टरमध्ये अजिबात लावू नका. त्याचा पंजा, म्हणजे भोकात अडकून फिल्म पुढे ओढणारा दाता, त्या लहान भोकांच्या कडा फाडत जातो, आणि फाटलेली भोकं पूर्ववत होत नाहीत. दोन्ही चालवणाऱ्या प्रोजेक्टरवर बदलायची कळ असते, ती आधी तपासा.

फुजीची सिंगल ८ सुद्धा १९६५ चीच. मापं सुपर ८ चीच, पण पाया, म्हणजे चित्राखालची प्लॅस्टिकची पट्टी, पॉलिएस्टरचा आणि पातळ. गुंडाळी बाजूने उजेडाकडे धरली की पॉलिएस्टरमधून उजेड आरपार झिरपतो, ॲसिटेटची, म्हणजे घरगुती फिल्मच्या नेहमीच्या पायाची, गुंडाळी काळपट राहते. हा फरक जोडासाठी महत्त्वाचा आहे : ॲसिटेट फिल्म-सिमेंटने जोडता येते, पॉलिएस्टरला फक्त चिकटपट्टीचा जोड.

चुकून मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये एकच भोक दिसलं, तर ती पाथेची ९.५ मिमी, १९२२ ची. तिला वेगळाच प्रोजेक्टर लागतो. आणि ३५ मिमीचा तुकडा मिळाला तर सावध राहा : १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अशा फिल्म नायट्रेटच्या असू शकतात, ज्या भडकून पेटतात. काडी लावून तपासायचा विचारही नको.

संग्राहक म्हणून स्वरूपाइतकंच मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हातातली फिल्म कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्म आहे की विकत मिळणारी छापील प्रत. घरगुती रिव्हर्सल फिल्मच्या (जी धुतल्यावर निगेटिव्हऐवजी थेट खरं चित्र देते) कडा, भोकांभोवतीची जागा, काळ्या असतात. निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीच्या बहुतेकदा पारदर्शक. मूळ रीळ एकमेव असतं. त्याचं नुकसान भरून येत नाही, म्हणून ते प्रोजेक्टरवर चालवण्याआधी स्कॅन करून घ्या. साध्या ८ च्या रिळात साधारण २५ फुटांवर जोड आणि त्याच्या आसपास उजेडाचा पांढरा-केशरी झोत दिसला, तर ती स्पूल उलटवल्याची खूण आहे, बिघाड नव्हे.

साल काढायला कोडॅक फिल्मच्या कडेवरची चिन्हं उपयोगी पडतात. एकटं वर्तुळ १९३६, १९५६ किंवा १९७६. एकटा चौकोन त्याच्या पुढचं वर्ष, एकटा त्रिकोण त्याच्याही पुढचं. कोणतं दशक, हे कपडे आणि मोटारींवरून ठरवावं लागतं. आणि ते साल फिल्म बनल्याचं, चित्रणाचं नव्हे. रंगांवरूनही अंदाज येतो : कोडॅकच्या जुन्या कोडॅक्रोम या रंगीत फिल्मचे रंग अजून ताजे दिसतात, तर सगळं लालसर-गुलाबी झालेलं रीळ बहुतेक दुसऱ्या प्रकारचं असतं.

शेवटी नाकाने परीक्षा करा. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट कुजू लागलं आहे. ते आम्ल कोंडलं की कुजणं आणखी वेगाने होतं, म्हणून रीळ हवाबंद प्लॅस्टिकमध्ये न ठेवता हवा खेळेल अशा डब्यात, इतर रिळांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. अशी फिल्म आखडते. १०० भोकांची लांबी नव्या फिल्मपेक्षा १ टक्क्याने जरी कमी भरली, तरी दातेरी चाकांच्या प्रोजेक्टरवर ती लावू नका. दात्यांशिवाय चालणारा स्कॅनरच वापरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही येते. ती पाण्याने कधीच पुसू नका, कारण बुरशीने पोखरलेलं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येतं.