रोज प्रार्थना करूनही मोहाला बळी पडतो, ख्रिस्ती माणसानं नेमकं काय करावं?

रात्री मोबाइल, कामावर लहानसहान खोटं आणि शनिवारी मित्रांबरोबरची दारूची बैठक, या तिन्हींपुढं प्रार्थना करूनही हरतो, मग माझा विश्वासच खोटा का, असं तुम्ही विचारलंय. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. मोह होणं हे पाप नव्हे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात येशूबद्दल लिहिलंय की तोही आपल्यासारखाच सगळ्या बाबतींत पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह येणंच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

आता उरलेलं. मला वाटतं, जिथून निघून जायला हवं तिथं तुम्ही उभं राहून लढताय. पवित्र शास्त्रात दोन वेगळे हुकूम आहेत. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, सैतानाला अडवा म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल. प्रेषित पौल मात्र करिंथ गावच्या मंडळीला जारकर्माबद्दल सांगतो, पळा. मूर्तिपूजेबद्दलही पळाच. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना द्रव्यलोभ आला की पळ, तरुणपणाच्या वासना आल्या की पळ. योसेफाचंच बघा (उत्पत्ति 39). त्याचा धनी पोटीफर, त्याच्या बायकोला त्यानं एकदा धडधडीत नकार दिला, ती रोज मागं लागली तरी ऐकलं नाही, आणि शेवटी तिनं वस्त्र धरलं तेव्हा ते तिच्याच हातात टाकून बाहेर धूम ठोकली. तिथं गुडघे टेकून त्यानं प्रार्थना केली असं लिहिलेलं नाही. आमच्या सांगलीकडं तालमीत वाढलेल्या पोराला पळपुटा म्हटलेलं सहन होत नाही. उपदेशात हा भाग फारसा ऐकू येत नाही तो म्हणूनच की काय, अशी मला शंका आहे.

आणि पळायचं ते वेळ यायच्या आधी. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सौदे निघाले की शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीत जरा इकडंतिकडं करा म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. तो माणूस वाईट नसतो, रोज चहा पाजणारा असतो, हीच तर अडचण. त्याच्याशी त्या क्षणी वाद घालायला गेलं की अर्धं हरल्यातच जमा. म्हणून मी वजन झाल्या झाल्या चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात देतो, बाकीचं बोलणं नंतर. आकडा एकदा त्याच्या खिशात गेला की मला वेगळं धैर्य गोळा करावं लागत नाही. गल्ला मोजताना शेजारी दुसरा माणूस बसवतो. मालकाला माझ्यावर विश्वास आहे, मला तेवढा नाही.

तुमच्या मोबाइलचंही असंच. रात्री साडेअकराला अंथरुणात तो हातात असताना ‘प्रभू, मला बळ दे’ म्हणण्यापेक्षा नऊ वाजता तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सकाळी उठायला साधं गजराचं घड्याळ आणा, नाहीतर गजराची सबब सांगून तो पुन्हा उशाशी येतो.

पळायला जागाच नसेल तेव्हा काय, तर थोडक्यात बोला. एदेन बागेत हव्वा सर्पाशी चर्चा करत बसली. येशू चाळीस दिवसांच्या उपासानंतर भुकेला होता, सैतान तर स्तोत्र 91 तोंडपाठ म्हणून दाखवत होता, पण येशूनं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं एकेक वचन सांगितलं आणि विषय संपवला. तुमच्या ज्या मोहाची वेळ ठरलेली आहे त्यासाठी एखादं वचन पाठ करून ठेवा. पन्नास नकोत.

तीमथ्याला ‘पळ’ म्हणताना पौल पुढं असंही म्हणतो की शुद्ध मनानं प्रभूचा धावा करणाऱ्यांच्या सोबतीनं चाल. म्हणजे कुणालातरी सांगावं लागतं. इथं आपल्याकडं खरी पंचाईत आहे. मिरजेला 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासूनची इथली ख्रिस्ती घरं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. आज एकाला सांगितलं की रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तोच विषय. ‘आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा’ हे याकोबाचं सांगणं खरं, पण त्यानं सगळ्या मंडळीला सांगा असं म्हटलेलं नाही. दुसऱ्या गावच्या मंडळीतला, तुमच्याहून वयानं मोठा, तोंड बंद ठेवणारा एक माणूस शोधा. पाळकसाहेबच हवेत असं काही नाही. आणि पडल्यावर नव्हे, शनिवारी दुपारीच त्याला फोन करा.

शनिवारच्या बैठकीबद्दल मात्र एक वेगळं विचारतो. तुम्ही पिता ते फक्त मित्र असतात तेव्हाच, की एकटे असतानाही? सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का? तसं असेल तर हा आता निव्वळ मोहाचा मामला राहिलेला नाही, आधी डॉक्टरांकडं जा. जुनी, रोजची सवय असेल तर उपास-प्रार्थनेच्या भरात एका दिवसात दारू तोडू नका, तसं केल्यानं झटके येऊ शकतात. नुसती मित्रांपुरती गोष्ट असेल तर संध्याकाळचं आमंत्रण दुपारीच नाकारा, आणि त्या वेळेला दुसरीकडं कुठंतरी जायचं आधीच ठरवून टाका.