बेसबॉलमध्ये अंपायरचा निर्णय चुकल्याचं नंतर सिद्ध झालं, तर तो मागाहून बदलावा का?

तुमचा प्रश्न असा की चूक अख्ख्या जगाने टीव्हीवर पाहिली असेल, तर दुसऱ्या दिवशी लीगने ती दुरुस्त का करू नये. माझं मत: करू नये. फक्त एका मॅचचा अपवाद करतो, आणि त्या बाबतीत मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो, कारण ती मॅच आमच्या टायगर्सची होती.

२ जून २०१०. मिशिगनला येऊन मला दोन-तीन वर्षं झाली होती आणि बेसबॉल नुकता कुठे कळायला लागला होता. कोमेरिका पार्कवर डेट्रॉइट टायगर्स विरुद्ध क्लीव्हलंड. आमचा पिचर आर्मांडो गॅलरागा, व्हेनेझुएलाचा, काही आठवड्यांपूर्वीच खालच्या लीगमधून वर बोलावलेला. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये दोन आउट झाले तेव्हा हिशोब असा होता: सव्वीस बॅटर आले, सव्वीस आउट, एकही बेसवर पोचला नाही. सत्ताविसावा गेला की परफेक्ट गेम. तोवरच्या एकशेतीस वर्षांत असे फक्त वीस झाले होते. त्याच इनिंगमध्ये ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरं धावत जाऊन असा काही कॅच घेतला होता की आता हे होणारच, असं मी घरात ओरडून सांगितलं. (बायकोने विचारलं, "काय होणार?" समजावून सांगायला वेळ नव्हता.)

क्लीव्हलंडचा सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्डने बॉल उजवीकडे मारला. फर्स्ट बेसमन मिगेल कब्रेराने तो उचलून फेकला, गॅलरागाने धावत येऊन बेसवर पाय ठेवत झेलला. डोनाल्ड अजून एक पाऊल मागे. आणि अंपायर जिम जॉइस यांनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे नॉट आउट!

गॅलरागा फक्त हसला. मग परत जाऊन त्याने पुढच्या बॅटरला आउट केलं, टायगर्स ३-० जिंकले. जॉइसनी आत जाऊन व्हिडिओ पाहिला आणि पत्रकारांसमोर सरळ कबूल केलं की त्या मुलाचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. गॅलरागाची रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे जॉइसच उभे होते, आणि टीमची यादी त्यांच्या हातात द्यायला गॅलरागा स्वतः गेला. जॉइसना डोळे पुसावे लागले. मिशिगनच्या गव्हर्नरबाईंनी तर हा परफेक्ट गेमच होता, असं जाहीरनामा काढून सांगून टाकलं. लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी मात्र निर्णय बदलला नाही.

आता नियम करायचा तर १९८५ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची सात मॅचची मालिका, बघा. सहावी मॅच, सेंट लुइस कार्डिनल्स सिरीजमध्ये ३-२ने पुढे आणि या मॅचमध्ये १-० आघाडीवर. नवव्या इनिंगचा कॅन्सस सिटीचा पहिलाच बॅटर हॉर्हे ओर्टा. तो स्पष्ट आउट होता, डॉन डेंकिंगर यांनी सेफ दिला. कॅन्सस सिटीने ती मॅच २-१ने जिंकली आणि सातवी ११-०ने. सेंट लुइसची माणसं आजही डेंकिंगर हे नाव शिवीसारखं घेतात.

पण पुढे काय घडलं ते कोणी सांगत नाही. त्यानंतर एक सोपा उंच उडालेला बॉल कार्डिनल्सच्या दोघांच्या मध्ये पडला, कोणीच झेलला नाही. त्या बॅटरने मग हिट मारली (बॉल मारून बेस गाठला). कॅचरच्या हातून एक बॉल निसटला आणि रनर पुढे सरकले. आणि खुद्द ओर्टा? तो तर तिसऱ्या बेसवर आउट झाला! त्याने रन केलीच नाही. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही नक्की काय दुरुस्त करणार? तो एक आउट देऊन टाकला तर पुढचे सगळे पिच, सगळे डावपेच खोटे ठरतात. चुकीच्या निर्णयानंतरही खेळ पुढे सरकलेला असतो, आणि पुढे सरकलेला खेळ मागे ओढता येत नाही.

"मग पाइन टारच्या (बॅटला लावायच्या चिकट राळेच्या) मॅचमध्ये निर्णय कसा बदलला?" असं कोणीतरी विचारेलच. ती भानगड वेगळी. २४ जुलै १९८३, यांकी स्टेडियम. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या इनिंगमध्ये होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखा, बॉल मैदानाबाहेर) मारून ५-४ केलं. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आले: याच्या बॅटवर चिकट राळ मुठीकडून अठरा इंचांच्या वर गेलीय, नियमात बसत नाही. अंपायरांनी सतरा इंच रुंदीच्या होम प्लेटवरच बॅट आडवी ठेवून मोजली आणि ब्रेटला आउट दिलं. तो डगआउटमधून ज्या अवताराने धावत आला ते एकदा शोधून बघाच. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी नंतर तो आउट रद्द केला, कारण इथे चूक नजरेची नव्हती, नियमाचा अर्थ लावण्याची होती. १८ ऑगस्टला मॅच होम रनच्या पुढे सुरू झाली. मार्टिननी निषेध म्हणून पिचरला सेंटर फील्डला उभं केलं आणि तक्रार केली की ब्रेटने बेसना पायच लावला नव्हता. अंपायरांनी खिशातून आधीच्या अंपायरांचं प्रतिज्ञापत्र काढलं! जेमतेम बाराशे प्रेक्षकांसमोर दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपलं. मागाहून न्याय करायचा म्हणजे हे असं.

क्रिकेटवाल्यांना ओव्हल २००६ आठवत असेल. पाकिस्तानने मैदानात यायला नकार दिला म्हणून इंग्लंडला विजयी ठरवलं, २००८ मध्ये आयसीसीने ती टेस्ट ड्रॉ केली आणि २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडला बहाल केली. पोरखेळ. त्यापेक्षा १९८०ची वानखेडेवरची टेस्ट बरी. इंग्लंडच्या बॉब टेलरला आउट दिलेलं असताना कॅप्टन विश्वनाथने त्याला जागच्या जागी परत बोलावलं. टेलर-बोथम जोडीने १७१ रन जोडल्या, आपण हरलो. पण झालं ते मैदानावरच झालं.

मग गॅलरागाचा अपवाद का? कारण तिथे मागे ओढायला काही नाहीच. तो शेवटचा आउट होता. निकाल तोच राहतो, पुढचा बॅटरही आउटच झाला. डोनाल्डची एक हिट जाते, बस. आणि नोंदी पवित्र असतात हेही खरं नाही. १९९१ मध्ये नो-हिटरची (समोरच्या टीमला एकही हिट न मिळालेल्या मॅचची) व्याख्या नव्याने ठरवून जुन्या पन्नास नोंदी यादीतून काढल्या, त्यात १९५९ साली सलग बारा इनिंग परफेक्ट टाकून तेराव्यात हरलेला हार्वी हॅडिक्सही गेला. काढता येतात, तर एक घालता का येत नाही? "एकाला दिलं की सगळे रांगेत उभे राहतील" हे मला पटत नाही. मॅचचा शेवटचा आउट, निकालात फरक नाही, अंपायरची स्वतःची कबुली: या तिन्ही अटींत बसणारं दुसरं प्रकरण तुम्हीच शोधून दाखवा.

बाकी तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग आता निकालात निघालाय. २०१० मध्ये व्हिडिओ फक्त होम रनसाठी बघता यायचा, २०१४पासून आउट-सेफसाठीही मॅनेजरला दाद मागता येते. २०२६च्या सीझनपासून बॉल-स्ट्राइकसाठीही (पिच योग्य जागेतून गेला की नाही यासाठी) प्रत्येक टीमला दोन चॅलेंज ठरलेत, आणि ते पिचर, कॅचर किंवा बॅटरनेच तिथल्या तिथे मागायचे. आज तो थ्रो झाला असता तर न्यूयॉर्कच्या व्हिडिओ तपासणाऱ्या खोलीतून मिनिट-दोन मिनिटांत आउट आला असता, आणि जॉइसना कोणाची माफी मागावी लागली नसती.